शाळेची वाट आणि कुरवंजीचा भूगोल

मुलांनी शाळेत कसे जावे, हा प्रश्न भारतीय साहित्यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात मांडणे काही वाचकांना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. वाहतूक, आरोग्य आणि फार तर शिक्षणशास्त्र यांच्या कक्षेतला हा प्रश्न, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते; आणि त्या त्या क्षेत्रांतील जाणकारांनी त्याचा विचार केलेलाही आहे. पायी किंवा सायकलने शाळेत येणाऱ्या मुलाला निराळा व्यायाम करावा लागत नाही, शाळेच्या दाराशी धूर आणि गोंगाट कमी होतो, पालकांचा खर्च वाचतो. डेन्मार्कमध्ये २०१२ साली सुमारे २०,००० मुलांच्या पाहणीतून असे दिसले की, पायी किंवा सायकलने आलेली मुले सकाळच्या तासांत अधिक एकाग्र असतात. हे सारे लाभ खरे आहेत आणि त्यांविषयी वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु लाभांच्या या यादीत भाषेचे नाव कोठेच येत नाही, आणि माझ्या मते तो लाभ इतरांपेक्षा अधिक दूरगामी आहे.

घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामध्ये आपल्या देशात बहुधा काही ना काही अंतर असते. ते अंतर मूल रोज दोनदा तोडते. वाटेत त्याला जी भाषा ऐकू येते ती आईची नसते आणि शिक्षकाचीही नसते. ती दुकानदाराची, फुलवालीची, गुराख्याची, भांडणाची, सौद्याची, पाटीवरची आणि भिंतीवरची भाषा असते. आपण ज्याला बहुभाषिकत्व म्हणतो आणि ज्याविषयी चर्चासत्रांतून इतके निबंध वाचतो, ते भारतीय माणसाच्या ठिकाणी प्रथम रुजते ते बहुतांशी या वाटेवर. ही वाट मुलांच्या पायांखालून निघून जात असेल, तर त्याची दखल भाषेच्या अभ्यासकांनी घेतली पाहिजे, एवढेच मला येथे म्हणावयाचे आहे.

अभ्यागत म्हणून तंजावुरात काही महिने राहण्याचा योग आल्यामुळे हा विचार माझ्या मनात बळावला. या नगरीची जुनी रचना चार राजवीथींची आहे. सकाळी आठ ते नऊ या वेळात त्या वीथींतून पिवळ्या रंगाच्या शाळेच्या गाड्या, बाहेर दप्तरे लटकावलेल्या रिक्षा आणि दोन-दोन मुलांना पुढेमागे घेतलेल्या दुचाक्या यांची एकच दाटी होते. त्या दाटीतून कडेकडेने, नाल्यावरच्या फरश्यांवरून वाट काढीत जी मुले चालत जातात ती प्रायः सरकारी आणि अनुदानित शाळांची. पायी जाणे हे आता पत्त्याचे नव्हे तर ऐपतीचे लक्षण झाले आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ सालच्या फेरीनुसार देशातील सुमारे ६० टक्के विद्यार्थी पायीच शिकावयास जातात. म्हणजे बहुसंख्य मुले अजून चालतात. मात्र ज्याला परवडेल त्याने मुलाला चालू देऊ नये, ही धारणा त्या बहुसंख्येतही पक्की होत चालली आहे.

या चार वीथींच्या नावांकडे मराठी वाचकाने थोडे थांबून पाहावे. पश्चिमेकडील वीथीला येथे ‘मेल वीदी’ म्हणतात आणि पूर्वेकडील वीथीला ‘कीऴ वीदी’. ‘मेल’ म्हणजे वर आणि ‘कीऴ’ म्हणजे खाली. तमिळमध्ये पश्चिम दिशेचे ‘मेर्कु’ आणि पूर्वेचे ‘किऴक्कु’ ही नावेच वर-खाली या कल्पनांतून निघालेली आहेत, आणि त्याचा उलगडा अभ्यासक भूमीच्या उतारावरून करतात: पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, पूर्वेला समुद्र. कोकणातल्या माणसाचे याच्या अगदी उलट असते. त्याचे ‘वर’ म्हणजे घाटावर, म्हणजेच पूर्वेला. त्याचे ‘खाली’ म्हणजे बंदराकडे, पश्चिमेला. डोंगर तोच, आणि त्याच्या दोन बाजूंच्या भाषांत दिशा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. कावेरीच्या या सपाट प्रदेशात उतार डोळ्यांना जाणवत नाही. तो कालव्याच्या पाण्याला ठाऊक असतो, आणि कालव्यात कागदाची होडी सोडून तिच्या बाजूने धावणाऱ्या मुलाला ठाऊक असतो. होडी नेहमी ‘कीऴ’ जाते. हा शब्द त्या मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. काचा लावलेल्या गाडीत बसून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ‘मेल वीदी’ हे केवळ पत्त्यातले अक्षर उरते.

तंजावरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राज्य स्थापिले, त्याला आता साडेतीनशे वर्षे होत आली. त्या राज्याबरोबर आलेली मराठी आज बहुतेक घरांत लिहिली जात नाही. ती बोलली जाते, आणि तीही उंबऱ्याच्या आत. राजवाड्याच्या परिसरातील काही घरांशी माझा परिचय झाला. तेथे एक गोष्ट मला वारंवार दिसली. ज्या घरातील आजी किंवा आजोबा नातवंडाला हाताला धरून शाळेत पोचवावयास जातात, त्या घरातील मुलाच्या मराठीत झाडे, कुत्री, चिखल, गर्दी, उन्हाचा चटका, शेजाऱ्याची खोड आणि रस्त्यावरची चेष्टा यांसाठी शब्द असतात. जेथे गाडी दारातूनच मूल उचलून नेते, तेथे मुलाची मराठी स्वयंपाकघर, देवघर आणि नातीगोती यांपलीकडे जात नाही. चार-पाच घरांवरून सिद्धान्त मांडणे योग्य नाही, हे मी जाणतो. पण भाषा मरते तेव्हा ती एकदम मरत नाही, तिचे एकेक क्षेत्र मिटत जाते, हे आपल्या शास्त्राचेच म्हणणे आहे. आणि अल्पसंख्य भाषेला घराबाहेरचे जे थोडे क्षेत्र उरलेले असते त्यात आजीबरोबर चालण्याचा अर्धा तास हा काही लहान भाग नव्हे. घरात मुले आजीशी बोलत नाहीत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. घरात दूरदर्शनसंच आणि भ्रमणध्वनी असतात. रस्त्यावर आजीला स्पर्धक कमी.

शाळा आणि रस्ता यांचे नाते पूर्वी या प्रदेशात किती निकटचे होते, हे ‘तिण्णै पळ्ळिक्कूडम’ या शब्दावरून कळते. तिण्णै म्हणजे घराच्या दर्शनी भागाचा, रस्त्याला लागून असलेला ओटा. गुरुजी आपल्या ओट्यावर बसत, मुले त्याच ओट्यावर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत. आपल्याकडील पंतोजींची शाळा आणि धुळाक्षरे यांचेच हे दक्षिणी भावंड. मद्रासेत ही वाळूत लिहिणारी मुले पाहूनच अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने आपल्या प्रसिद्ध ‘मद्रास पद्धती’ची कल्पना घेतली आणि १७९७ मध्ये ती इंग्लंडात मांडली, हा इतिहास सर्वविदित आहे. त्या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती आणि सर्व जातींच्या मुलांना तेथे प्रवेश नव्हता; तेव्हा तिच्या आठवणीने गहिवरण्याचे कारण नाही. पण ती रस्त्याकडे पाठ करून बसलेली नव्हती. आजची शाळा कुंपणाच्या आत आहे आणि कुंपणाशी गाड्यांची रांग आहे.

आता सरफोजीराजांकडे वळतो, कारण या विषयाचे सर्वांत मनोज्ञ साहित्यिक प्रमाण त्यांच्या कारकीर्दीत सापडते. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी ‘नवविद्याकलानिधी’ या नावाने शाळा काढली आणि याच नावाने छापखानाही चालविला. त्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर बाहेर पडले. मुंबईत शालेय पुस्तकांचा विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, मराठी मुलांसाठी छापील पुस्तक निघाले होते, याची आपल्या वाङ्मयेतिहासांनी पुरेशी दखल घेतलेली नाही. तंजावूरच्या दक्षिणेस ओरत्तनाड येथे मुक्तांबाळ यांच्या नावाने त्यांनी जे छत्र बांधले, तेथे वाटसरूंना अन्न होतेच, शिवाय मुलांच्या शिक्षणाची आणि निवासाचीही सोय होती. छत्रांची ही मालिका रामेश्वराकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर होती. ज्या मुलाला रोज चालत येणे शक्य नाही त्याला रस्त्यावरच्या धर्मशाळेतच ठेवून घ्यावे आणि शिकवावे, ही त्यामागची व्यवस्था आजच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगी आहे. स्वतः सरफोजीराजे १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला जाऊन आले; तो प्रवास कोणत्या गतीने झाला असेल हे वेगळे सांगावयास नको.

या राजाने मुलांना भूगोल शिकविण्यासाठी कोणता वाङ्मयप्रकार निवडला? कुरवंजी. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० मध्ये प्रसिद्ध केले. कुरवंजी म्हणजे डोंगरातून आलेली, टोपली घेऊन गावोगाव हिंडणारी, हात पाहून भविष्य सांगणारी कुरव जमातीची स्त्री. तमिळमध्ये या प्रकाराची मोठी परंपरा आहे. अठराव्या शतकातील ‘कुट्राल कुरवंजी’ प्रसिद्धच आहे. स्वतः सरफोजींना नायक कल्पून कोट्टैयूरच्या शिवकोळुंदु देशिकांनी रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या मंदिरात सादर होत असे. या सर्व रचनांत एक संकेत ठरलेला आहे: विरहिणी नायिकेसमोर आलेली कुरवंजी आधी आपला डोंगर, आपला देश, आपण पाहिलेली क्षेत्रे यांचे वर्णन करते आणि मगच हात पाहते. म्हणजे तिला भविष्य सांगण्याचा अधिकार प्राप्त होतो तो ती पुष्कळ चालली आहे म्हणून. सरफोजींनी हा संकेत तसाच उचलला आणि त्यात युरोपीय विद्येने दिलेला नवा भूगोल घातला. त्यांची कुरवंजी इंद्राणीला पृथ्वीचे खंड, देश, नद्या सांगते.

या योजनेतील मर्म पाहण्याजोगे आहे. राजाजवळ नकाशे होते, पृथ्वीचे गोल होते, जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्‌झ यांच्याकडून मिळालेले संस्कार होते, शाळेत पंडितही होते. तरी भूगोल सांगण्याचे काम त्यांनी पंडिताला दिले नाही, साहेबालाही दिले नाही. ते पायी हिंडणाऱ्या, जातिव्यवस्थेच्या तळाशी असलेल्या एका स्त्रीला दिले. यात राजाच्या ठिकाणी समतेची आधुनिक जाणीव होती असे मी म्हणणार नाही. ती वाङ्मयीन रूढी होती आणि दरबारी करमणूकही होती. तरीही, ज्याने जग चालून पाहिले त्याच्या तोंडून जग ऐकावे, ही श्रद्धा त्या रूढीच्या मुळाशी आहे आणि एका शिक्षणप्रेमी राजाला ती आपल्या हेतूसाठी उपयोगी वाटली. आपल्या भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांतून ही श्रद्धा केव्हाच हद्दपार झाली.

येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पायी शाळेत जाण्याचे गोडवे कोण गातो? बहुधा ज्याला आता चालावे लागत नाही तो. मराठी माणसाच्या मनात धोंडो केशव कर्वे यांची ती हकीकत घर करून आहे. १८७५ साली मुरूडचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी साताऱ्यास निघाला; सुमारे ११० मैल, मध्ये सह्याद्री, चार दिवसांची पायपीट; आणि तेथे पोचल्यावर वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. ही हकीकत आपण चिकाटीचा धडा म्हणून मुलांना सांगतो. तिचा दुसरा अर्थ असा की, रत्नागिरी जिल्ह्यातील मुलाला परीक्षेसाठी डोंगर ओलांडावा लागत होता आणि ते कोणाला लाजिरवाणे वाटत नव्हते. तमिळमधील तिची जोडी म्हणजे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचे ‘एन् चरित्तिरम्’. १९४० पासून ‘आनंद विकटन’मधून क्रमशः आलेले हे आत्मचरित्र म्हणजे याच तंजावूर परिसरातील उत्तमदानपुरम या गावच्या मुलाने चांगला गुरू मिळावा म्हणून गावोगाव केलेल्या भ्रमंतीची कथा आहे. त्या वाटांनी त्यांना घडविले, यात शंका नाही. पण त्या वाटांवरून गेलेली आणि परत आलेली, कोणताच गुरू न मिळालेली मुले आत्मचरित्रे लिहीत नाहीत.

आणि वाट सर्वांना सारखी कधीच नव्हती. पुण्यात १८४८ नंतर सावित्रीबाई फुले शाळेत शिकवावयास निघत तेव्हा रस्त्यात अंगावर शेण-चिखल येई, म्हणून त्या दुसरे लुगडे जवळ ठेवीत, ही आठवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तमिळ लेखिका बामा यांच्या ‘करुक्कु’ (१९९२) या आत्मकथनात शाळेची वाट फार महत्त्वाची आहे. शाळेतून घरी यावयास दहा मिनिटे पुरतात. पण बाजारातली गंमत पाहत, रेंगाळत येताना लहान मुलीला कितीतरी वेळ लागतो. या रेंगाळण्यातच ती एक दृश्य पाहते: तिच्याच वस्तीतील एक वयस्क माणूस जमीनदारासाठी आणलेला खाऊचा पुडा हाताला न लावता दोऱ्याने लोंबकळत धरून नेत आहे. प्रथम तिला हसू येते. पुढे भावाकडून कारण कळते आणि त्या हसण्याचे काय होते ते वाचकांनी मुळातूनच पाहावे. अस्पृश्यता म्हणजे काय, हे या मुलीला शाळेने सांगितले नाही. शाळेच्या वाटेने सांगितले. त्या अनुभवाचा लाभ असा हिशेब मांडणे क्रूरपणाचे ठरेल. तरी त्या वाटेवाचून ‘करुक्कु’ लिहिले गेले नसते, हेही तितकेच खरे.

याच संदर्भात लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ची (१९८०) आठवण होते. बिऱ्हाड गाढवांवर लादून या गावाहून त्या गावाला जाणारे कैकाडी कुटुंब, आणि त्यातील बापाच्या हट्टाने शाळेत जाणारा मुलगा. या मुलाला शाळेची एक अशी वाटच नाही. मुक्काम हलला की शाळा हलते. कैकाडी बोली ही द्राविड कुळातील असून तिचे नाते कोरव समूहाच्या बोलींशी आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कोरव म्हणजेच कुरव. ज्या जमातीच्या स्त्रीकडून सरफोजीराजांनी इंद्राणीला पृथ्वीचा भूगोल ऐकविला, त्याच जमातीशी आप्तसंबंध सांगणाऱ्या एका मुलाला दीडशे वर्षांनी महाराष्ट्रात वर्गाच्या कोपऱ्यात बसण्यासाठी झगडावे लागले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या दोन ग्रंथांना समोरासमोर ठेवावेसे वाटत नसेल तर आपली विद्याशाखा कशासाठी आहे, असा प्रश्न पडतो.

तेव्हा माझा आग्रह केवळ चालण्याचा नाही. वाट लहान, निर्धोक आणि अपमानरहित असावी, आणि मग ती मुलाने आपल्या पायांनी किंवा सायकलने तोडावी, असा आहे. यातले पहिले काम शासनाचे. कामराज मुख्यमंत्री असताना (१९५४ ते १९६३) मद्रास राज्याने मुलाच्या घरापासून मैलभराच्या आत प्राथमिक शाळा हे उद्दिष्ट ठेवून खेडोपाडी शाळा उघडल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील नमुना नियमांतही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ‘चालत जाण्याजोगे’ म्हणून सांगितले आहे. कायद्याने मुलाच्या पायांचे माप घेतले, ही मला मोठी गोष्ट वाटते. आणि महाराष्ट्रात मात्र २०१७ अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळांत सामावण्याचा निर्णय झाला. पुढे समूह शाळांची कल्पना आली. कमी पटाच्या शाळेच्या अडचणी मला माहीत आहेत. परंतु वाडीतली शाळा बंद करून मुलांना गाडीत बसविणे याला सुधारणा म्हणताना त्या हिशेबात वाट कोठेच धरलेली नसते.

अंतर खरोखर मोठे असेल तेथे सायकलीचा अनुभव आशादायक आहे, आणि त्याचे फार चांगले उदाहरण तंजावूरच्या शेजारीच आहे. पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता चळवळीने स्त्रियांना अक्षरांबरोबर सायकल शिकविली. १९९२ च्या महिलादिनी दीड हजारांहून अधिक सायकलस्वार स्त्रियांनी ते गाव भरून टाकले, पी. साईनाथ यांनी त्याचे केलेले वर्णन अनेकांच्या वाचनात असेल. लिहिता येणे आणि स्वतःहून कोठे जाता येणे या दोन गोष्टी एकाच अभ्यासक्रमात घालण्याचे शहाणपण त्या चळवळीने दाखविले. पुढे तमिळनाडू शासनाने अकरावीच्या मुलींना आणि नंतर मुलांनाही विनामूल्य सायकली दिल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आणि हा परिणाम शाळेपासून तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत विशेष होता, असे मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना एस. टी. चा प्रवास मोफत आहे, तोही याच जातीचा उपाय. एस. टी. तली मुलगी गावाबरोबर प्रवास करते. शाळेच्या बंद गाडीतली तशी करीत नाही.

गाडी सुरक्षित असते म्हणून ती हवी, असे पालक म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. परंतु ३ डिसेंबर २००९ रोजी, एके काळी तंजावूर जिल्ह्यातच असलेल्या वेदारण्यम परिसरात शाळेची गाडी तळ्यात कोसळली, लहान मुले बुडाली आणि त्यांना बाहेर काढता काढता एक तरुण शिक्षिकाही गेली. २५ जुलै २०१२ रोजी चेन्नईजवळ शाळेच्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून एक लहान मुलगी खाली पडून मृत्यू पावली. त्यानंतर राज्याने अशा वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. शिवाय, ही भीती आपल्या गाड्यांनीच निर्माण केलेली आहे. प्रत्येक पालक इतरांच्या गाड्यांना भिऊन आपल्या मुलाला गाडीत बसवितो आणि रस्त्यावर आणखी एक गाडी येते. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९० साली ती ९ टक्के उरली, असे मेयर हिलमन यांच्या पाहणीत आढळले. आपण आज त्याच उतारावर आहोत. हॉलंडमध्ये उलट घडले. तेथे १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली, तेव्हा ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळच उभी राहिली आणि तिने शहरांना रस्ते बदलावयास भाग पाडले. मुलांना रस्त्यावरून हटविण्याऐवजी त्यांनी गाड्यांना आवरले.

तंजावुरात हे अशक्य नाही. बृहदीश्वराचा रथ शतकभराच्या खंडानंतर २०१५ मध्ये पुन्हा राजवीथींतून निघाला. रथाच्या दिवशी या चारही वीथी वाहनांना बंद होतात, विजेच्या तारा बाजूला केल्या जातात, आणि कोणी तक्रार करीत नाही. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास याच वीथी मुलांसाठी मोकळ्या ठेवण्यास रथाइतका खटाटोपही लागणार नाही. पॅरिससारख्या शहराने २०२० नंतर शाळांसमोरचे शंभराहून अधिक रस्ते वाहनांना बंद केले आहेत. येथे शाळेच्या गाड्यांनी मुलांना वीथींच्या टोकाशी उतरवावे आणि उरलेली वाट मुलांनी मिळून, एखाद्या आजीच्या किंवा शिक्षकाच्या सोबतीने, चालावी. असे केले तर गाडीने येणारी मुले आणि पायी येणारी मुले निदान शेवटच्या फर्लांगभर एकत्र चालतील. आज ती एकमेकांना फक्त काचेतून दिसतात.

आपल्या विभागांना करता येण्यासारखे काम याहून लहान, पण आपल्याच अखत्यारीतले आहे. या चार वीथींच्या आत तमिळ, मराठी, तेलुगू आणि विणकरांची सौराष्ट्री या भाषा बोलणारी मुले शाळेत जातात. त्यांच्याबरोबर आठ दिवस चालून त्यांच्या वाटेवरचे शब्द टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना देता येईल: कोपऱ्याला, बोळाला, पिसाळलेल्या कुत्र्याला, फुकट खाऊ देणाऱ्या दुकानदाराला ही मुले काय म्हणतात, आणि कोणत्या वळणावर कोणती भाषा सोडून कोणती धरतात. तंजावरी मराठीचे जे शब्दसंग्रह आजवर मी पाहिले ते सारे घरात बसून, वृद्धांना विचारून केलेले आहेत. आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ची प्रत सरस्वती महालात आहेच. तिच्यातली कुरवंजी खंडांपासून आरंभ करते. येथील एखाद्या शाळेने मुलांकडून नवी कुरवंजी लिहवून घ्यावी आणि तिचा आरंभ मेल वीदीपासून करावा. शाळा जूनमध्ये उघडतात. वीथी मोकळ्या ठेवण्याविषयीचा अर्ज महापालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे एप्रिलमध्येच गेला पाहिजे, कारण मे महिन्यात येथे उन्हाखेरीज कोणीच रस्त्यावर नसते.